विचारायचं तर मुकादमाला

नवा वजनकाटा बसवला की त्यावर पहिलं वजन कशाचं करायचं, याबद्दल आमच्या बीड जिल्ह्यात दुमत नाही. नारळाचं. गेवराईकडच्या एका जिनिंगच्या मालकांनी नारळाला हळदकुंकू लावलं, अनवाणी चालत जाऊन काट्याच्या मधोमध ठेवला, हात जोडले आणि काटाघराच्या खिडकीकडे बघून मोठ्याने विचारलं, "किती आलं?"

पडद्यावर शून्य. कापसाचे ट्रक मोजायला बांधलेला काटा नारळाची दखल घेत नाही. त्याच्या लेखी ती अंगावर बसलेली माशी. शेठचा चेहरा उतरला. देवाच्या नारळाचं वजन शून्य, तेही मुहूर्तावर, चार पाहुण्यांदेखत. मी खिडकीतून म्हटलं, "शेठ, नारळ हातात घ्या आणि तुमीच उभे राहा." भरभक्कम देहाचे शेठ उभे राहिले, आकडा उमटला, टाळ्या पडल्या. शेठनी तो सगळा आकडा नारळाच्या खात्यात धरला आणि पेढे वाटले.

तेव्हापासून मी 'काट्याची ताई'. सासरचं आडनाव बँकेच्या पासबुकापुरतं उरलं आहे.

हा धंदा बाहेरच्या माणसाला माहीत नसतो, म्हणून थोडक्यात सांगते. जमिनीत खड्डा, त्यावर लोखंडी पाट, पाटाखाली दाब ओळखणारे ठोकळे. ठोकळ्यांपासून वायर काटाघरात येते, तिथे लाल आकड्यांची डबी असते, डबीशेजारी कॉम्प्युटर. भरलेली गाडी चढते, मग रिकामी चढते, वजाबाकी होते, चिठ्ठी निघते. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष. म्हणूनच आमच्याकडे एखाद्या माणसाला शिव्या द्या, तो विसरेल. पण 'यानं काटा मारला' म्हणा, म्हणजे वजनात लबाडी केली म्हणा, तर त्याच्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत ते शब्द मागे येतात.

माझं काम कॉम्प्युटरचं. पुण्याच्या एका लहानशा कंपनीने वजनाचा प्रोग्राम लिहिला आहे. तो जिल्ह्यात बसवायचा आणि सांभाळायचा, हे मी करते. सांभाळणं म्हणजे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडणं, की-बोर्डमधली मळी झाडणं आणि गिऱ्हाइकांना नाही म्हणणं. माजलगावच्या एका धान्य व्यापाऱ्याने मला फार गोड आवाजात विचारलं होतं, "ताई, कॉम्प्युटरला जरा आपल्या बाजूनं बघाया शिकवता येईल का?"

"येईल की," मी म्हटलं. "पण एकदा शिकला की तो तुमच्या हमालाच्या बाजूनंबी बघेल."

त्यांनी चहा मागवला आणि विषय पावसापाण्याकडे वळवला.

अशा गोड माणसांपायीच आमच्या प्रोग्रामला एक कुलूप आहे. कुणी प्रोग्राम उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकला आणि घरबसल्या चिठ्ठ्या छापल्या तर? म्हणून प्रत्येक चिठ्ठीआधी प्रोग्राम स्वतःच्या कॉम्प्युटरची ओळख पटवून घेतो. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला तो काही प्रश्न विचारतो: तू कोणत्या घराण्यातला, तुला काय काय येतं, तुझा खिसा केवढा. खिसा म्हणजे हाताशी लागणाऱ्या गोष्टी ठेवायची प्रोसेसरची जवळची जागा. उत्तरं पहिल्या दिवशी नोंदवलेली असतात. ती जुळली की चिठ्ठी निघते. नाही जुळली की पडद्यावर लाल अक्षरं येतात: 'संगणक बदललेला आढळला. वजन बंद.' मग पुण्याहून परवलीचा शब्द येईपर्यंत काटा मुका.

ही लाल अक्षरं मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पाहिली ती यूनुसभाईंच्या काट्यावर.

माजलगावच्या बाजूला एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले चेअरमन अजून माझ्याकडूनच प्रिंटरची शाई घेतात. यूनुसभाई तिथले काटेवाले. त्यांचे वडील बाजारात तराजू दुरुस्त करायचे. दांडीला कान लावून ती कुठे अडते ते सांगायचे म्हणे. मुलगा कॉम्प्युटरवर आला, पण कान तोच. काट्याच्या पाटाचा आवाज बदलला की मला फोन: "ताई, खाली खडा अडकलाय बगा." खडा असायचाच.

आणि त्या काटाघराची आणखी एक रीत होती, जी मी इतर कुठे पाहिली नाही. फर्माईश. ऊस भरलेले ट्रॅक्टर, ट्रक, टायरगाड्या तासन् तास रांगेत उभ्या असतात. वजन पुकारायला काटाघरावर भोंगा आहे. यूनुसभाई दोन पुकारांच्या मध्ये त्याच भोंग्यावर कॉम्प्युटरमधली गाणी लावायचे. ड्रायव्हर खिडकीशी येऊन सांगून जायचे. कुणाला कव्वाली, कुणाला भारूड, कुणाला डोळे ओले करणारी जुनी सिनेमाची गाणी. वजन स्थिर झालं की चिठ्ठी आपोआप निघते, आकडा लाल डबीवर दिसतो, त्यामुळे पडद्यावर पुढे गाणं आणि मागे वजनाचा प्रोग्राम असला तरी कुणाचं काही अडत नाही. यूनुसभाई गाणं जरा बारीक करून पुकारायचे, "चला, लिंबागणेशवाले, तुमचं झालं, गाडी काडा," आणि गाणं पुन्हा मोठं. त्या यार्डात भांडणं कमी व्हायची. माझं मत आहे की ती गाण्यांमुळेच.

या हंगामाच्या तोंडावर जुना कॉम्प्युटर धूळ खाऊन मेला. चेअरमन आबांनी हौसेने अगदी नव्यातला नवा घेतला. मी प्रोग्राम बसवला, ओळख नोंदवली, नारळ फुटला. पहिला आठवडा बरा गेला. मग एका दुपारी, भर रांगेत: 'संगणक बदललेला आढळला. वजन बंद.'

पुण्याहून शब्द आला, काटा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी दोनदा. उन्हात उभा ऊस वाळतो, वाळला की वजन घटतं, म्हणजे काटा बंद राहिला की प्रत्येकाच्या गाडीतून काहीतरी हळूहळू उडून जात असतं. त्यातच कुणीतरी खिडकीतून ती लाल अक्षरं वाचली. बाप्पा नावाचा एक ट्रॅक्टरवाला, मोठ्या घशाचा, बोनेटवर चढून ओरडला, "संगणक बदललाय म्हनतंय! कुनी बदलला बे? हितं रातंदिस कोन बसतंय?"

याच बाप्पाची रोजची पहिली फर्माईश असायची, हे नमूद करून ठेवते.

गेटावर माणसं जमली. आबा स्वतः आले. आबा माणूस वाईट नाही. पण निवडणूक तोंडावर होती आणि समोर दीडदोनशे माणसं 'काटा मारला' म्हणत होती. त्यांनी काटाघरातला माइक घेतला आणि भोंग्यावरून जाहीर केलं, "काटेवाला यूनुस याला कामावरून बाजूला केलंय. चौकशी हुईल. दोषी असला तर बोर्डाच्या बैठकीत कायमचा घरी जाईल. आता शांत ऱ्हावा."

माणसं शांत झाली. यूनुसभाई डबा आणि गॉगल घेऊन त्याच गर्दीतून चालत निघून गेले.

मी पोचले तेव्हा खुर्चीत शेतकी खात्यातला एक गंभीर कारकून बसला होता. मी दिवसभर त्याच्यामागे स्टूल टाकून बसले. वायरी तपासल्या, कॉम्प्युटर उघडला, कुणी काही बदललेलं नव्हतं. आणि सांगायला वाईट वाटतं, त्या दिवशी काटा एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आबा म्हणाले, "बगा ताई. यूनुस गेला, रोग गेला. आनखी काय पुरावा पाहिजे?"

यंत्र यूनुसभाईंच्या विरुद्ध साक्ष देत होतं आणि त्या यंत्राची वकील मीच होते.

मी माजलगावात त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. यूनुसभाई भिंतीला टेकून बसले होते.

"ताई, खरं सांगू? आबा घरी येऊन म्हनले असते ना, की यूनुस, तू चोर हायेस, तर म्या भांडलो असतो, रडलो असतो, संपलं असतं. माझं नाव भोंग्यावरनं घेतलं वो. ज्या भोंग्यावर म्या लोकांचे वजनं पुकारले, त्याच्यावरनं."

"यूनुसभाई, तो कारकून खुर्चीत बसला की काटा चालतो. तुमी असं काय करता, जे तो करत न्हाई?"

"म्या करतो ते समदं तोबी करतो. गाडी घे, आकडा बग, चिठ्ठी दे." मग बशी माझ्याकडे सरकवत, "गानी लावत न्हाई तो. त्याला गान्याचा शौक न्हाई."

आतून भाभी म्हणाल्या, "हौर लगाव गाने. नौकरी गई."

मी चहा तसाच ठेवून उठले. कारकून मोबाइलवर आलेली भजनंसुद्धा ऐकत नाही, हे मी दोन दिवस बघितलं होतं; आणि पहिला आठवडा नव्या कॉम्प्युटरमध्ये गाणी भरलेलीच नव्हती.

काटाघरात येऊन कारकुनाला बाहेर चहाला पिटाळलं आणि गाण्याचा व्हिडिओ पुढे लावला. गाड्या चढत राहिल्या, चिठ्ठ्या निघत राहिल्या, आणि मी आशा सोडणार तेवढ्यात लाल अक्षरं आली. आयुष्यात कुठलाही बिघाड बघून मला एवढा आनंद झालेला नाही.

पुण्याला गौरीला फोन लावला. गौरी म्हणजे कंपनीत आता तो प्रोग्राम सांभाळणारी मुलगी. मी सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "ताई, प्रोसेसर कोणता आहे?" मी वाचून दाखवला. ती हसायला लागली. "कळलं. त्यात दोन जातीचे कोअर आहेत."

तिने जे समजावलं ते मी पुढे आबांना आमच्या भाषेत सांगितलं, तेच इथे सांगते. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ऊसतोडीची टोळी समजावून सांगावी लागत नाही. प्रोसेसर म्हणजे एक माणूस नाही, ती टोळी आहे. तिच्यातल्या एकेका तोडकऱ्याला कोअर म्हणतात. पूर्वी टोळीतले सगळे सारख्या ताकदीचे असायचे. कुणालाही गाठून 'तुझा खिसा केवढा' विचारलं तरी उत्तर एकच. नव्या प्रोसेसरात काही धिप्पाड आणि काही काटक. धिप्पाडांना समोरचं जड काम, काटकांना मागचं किरकोळ. त्यांचे खिसेही वेगवेगळे.

आणि टोळीला मुकादम असतो. कॉम्प्युटरचा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कोणतं काम कुणाला द्यायचं ते तो ठरवतो. पडद्यावर पुढे गाणं असलं की मुकादमाला वाटतं, मालकाचं लक्ष गाण्यावर आहे, ते धिप्पाडांना द्या. मागचं वजनाचं काम तो कधीतरी एखाद्या काटकाकडे सरकवतो. आमचा प्रोग्राम मात्र मुकादमाला न विचारता, बांधावर जो तोडकरी हाताशी लागेल त्यालाच विचारत होता. धिप्पाड भेटला की जुनं उत्तर. काटक भेटला की वेगळं उत्तर, आणि लगेच बोंब: टोळीच बदलली.

"मग आपण प्रोसेसरला थेट विचारतोच कशाला?" मी म्हटलं.

"ज्यांनी लिहिलं त्यांच्या काळात ते ठीक होतं," गौरी म्हणाली. "आता ऑपरेटिंग सिस्टीमकडे त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. एक प्रश्न विचारायचा, ती सगळ्या कोअरची यादी देते, कुणाचा खिसा केवढा ते सुद्धा. उद्या तिसऱ्या जातीचे कोअर आले तरी तिचं ती बघेल, आपला प्रश्न बदलावा लागणार नाही. मी आजच बसते."

तोडकरी दर हंगामाला बदलतात, मुकादमाशी बोलायची रीत बदलत नाही. खऱ्या मुकादमांबद्दल मी एवढी खात्री देणार नाही. उचल घेऊन पसार झालेले मीही पाहिले आहेत. पण हा मुकादम त्या बाबतीत सरळ आहे. त्याने एकदा दिलेली उत्तराची रीत तो मोडत नाही, कारण जगभरचे प्रोग्राम त्या रीतीवर विसंबून असतात.

गौरी म्हणाली, नवा प्रोग्राम लगेच पाठवते. मी म्हटलं, "पाठव, पण मी उद्या जुनाच चालवणार आहे."

कारण बोर्डाची बैठक दुसऱ्या दिवशी होती. गुपचूप दुरुस्ती केली असती तर काटा सुधारला असता आणि यूनुसभाई तसेच राहिले असते, भोंग्यावर जाहीर झालेले. नाटक भोंग्यावर झालं होतं, त्याचा पुढचा अंकही तिथेच व्हायला हवा होता. आणि नाटक म्हटलं की मला आवरणं कठीण.

मी बैठकीआधी आबांना आणि संचालकांना काटाघराशी आणलं. यूनुसभाईंनाही बोलावलं होतं; ते लांब, ऊस टाकायच्या गव्हाणीच्या भिंतीशी उभे. ड्रायव्हर गोळा झाले. बाप्पा सर्वांत पुढे.

"आबा, खुर्चीत बसा. आज काटेवाले तुमी. अन् तुमच्या आवडीचं काहीतरी लावा, मोठ्यानं."

आबांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या वाढदिवसाचं भाषण लावलं.

भोंग्यातून आबांचा आवाज यार्डभर घुमू लागला. पहिला ट्रॅक्टर चढला. चिठ्ठी निघाली. दुसरा चढला. चिठ्ठी निघाली. भाषण सिंचनावर आलं. तिसरी चिठ्ठी निघाली. हा बिघाड मनमौजी होता. कधी घडेल याचा भरवसा नव्हता. जन्मभर मी काटे बंद पडू नयेत म्हणून धावले आणि आता मनातल्या मनात म्हणत होते, बाबा, पड एकदाचा बंद. भाषण शिक्षणावर आलं. मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "आबा, वजन नका करू, पन हे बंद करा." संचालक घड्याळं बघू लागले. भिंतीशी यूनुसभाईंनी मान खाली घातली.

भाषण तरुणांना उद्देशून सुरू झालं आणि लाल अक्षरं उमटली.

आबांनी चष्मा चढवून ती वाचली. परत वाचली. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, सगळ्यांना दिसत होते.

"आबा," मी म्हटलं, "संगणक कुनी बदलला?"

कुणी हसलं नाही. आबाच आधी हसले. "मंग आता माझीबी चौकशी लावा म्हनायची."

मग मी मुकादमाची गोष्ट सांगितली. दोन मिनिटांत सर्वांना कळली. बाप्पाने तर शेजारच्याला पुन्हा समजावून दिली, स्वतःच शोधून काढल्यासारखी. आबा उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, यूनुसला ऑफिसात घेऊन या. चहा पिऊ, मिटवू."

"आबा, ऑफिसात कावून? त्यांचं नाव हितं घेतलं होतं."

आबांनी माइककडे पाहिलं. मग बाहेरच्या गर्दीकडे. माणसाला माइक जड होऊ शकतो हे मला त्या दिवशी दिसलं. आणि ते आबा होते, ज्यांना माइक सोडायला सांगावं लागतं. त्यांनी तो उचलला.

"ऐका. काटेवाले यूनुसभाई यांनी काय केलेलं न्हाई. काटाबी मारला न्हाई, कॉम्प्युटरबी बदलला न्हाई. त्यांना न विचारता म्या त्यांचं नाव घेतलं. ते माझं चुकलं."

एवढं बोलून त्यांनी माइक ठेवला. सिंचनाचा उल्लेखही नाही.

त्याच दुपारी मी गौरीचा नवा प्रोग्राम बसवला. यूनुसभाई खुर्चीत बसले. गाड्या चढल्या, उतरल्या. पुकार सुरू झाले, तोच आवाज, तीच लय. पण दोन पुकारांच्या मध्ये भोंगा गप्प. खिडकीशी कुणी आलं नाही. मी म्हटलं, "यूनुसभाई, आता गाणं लावलं तरी काही होत न्हाई."

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "चाललंय की बरं."

मला त्या क्षणी आमच्या सगळ्यांचा राग आला. प्रोग्रामने मुकादमाला विचारलं नाही हे ठीक, तो प्रोग्राम आहे. पण आम्ही यंत्राला विचारलं, कारकुनाला विचारलं, वायरींना विचारलं. यूनुसभाईंना 'तुमी काय करता' हे विचारायला मीही सर्वांत शेवटी गेले.

ऊन कलू लागलं तेव्हा बाप्पाचा नंबर आला. ट्रॅक्टर पाटावर चढवून तो उतरला आणि खिडकीशी आला. माफी वगैरे मागेल असा त्याचा चेहरा नव्हताच. त्याने खिडकीच्या गजाला धरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "यूनुसभाई, ती कव्वाली हाय का अजून? माझीवाली?"

यूनुसभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, लावू?"

"लावा."

कव्वाली सुरू झाली, अगदी बारीक. रांगेतली इंजिनं एकेक करून बंद झाली. गाणं कुणीच ऐकत नव्हतं. सगळं यार्ड खिडकीकडे बघत होतं. लाल डबीवरचे आकडे हलले, हलले, थांबले. प्रिंटर करकरला आणि चिठ्ठी बाहेर आली.

यूनुसभाईंनी ती फाडून बाप्पाच्या हातात दिली, वजन पुकारलं, आणि आवाज मोठा केला.